डोकं गोल झालेली पिन

पुणे
ऐन पावसाळा

चि. भाच्यास,

काल फोनवर म्हणालास, पुढच्या डिस्कचे पॅड बदलायला बसलो आणि कॅलिपरमधल्या पिनचं डोकंच गोल झालं. एलन की आत नुसती फिरते. हे फोनवर सांगून भागण्यासारखं नाही, म्हणून लिहितो. आधी पाना खाली ठेव आणि ब्रेकचं काम पुरं होईपर्यंत गाडी बाहेर काढू नकोस. तू धनकवडीत राहतोस, कामाला जाताना नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या महामार्गाला लागतोस. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्याच उतारावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांची मोडतोड केली. तिथे अर्धवट ब्रेकवर तुला उतरू देण्याची माझी तयारी नाही.

पिन का अडकली ते समजून घे, म्हणजे हात आपोआप सावकाश चालेल. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो भरला की पोलाद चहूबाजूंनी आवळलं जातं. कॅलिपर ॲल्युमिनियमचं, पिन पोलादाची. दोन धातूंमध्ये पावसाचं पाणी राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. पुण्यात चार महिने चाकाबरोबर चिखलपाणी उडत असतं. म्हणजे इथे ही पिन अडकणारच. दर पावसाळ्यानंतर ती एकदा सोडवून, पुसून परत बसवणारा माणूस मात्र मला क्वचित भेटला.

आता जोर लावू नकोस. कॅलिपर फोर्कवरच असू दे. सुटं काढलंस तर ते धरायला तिसरा हात लागेल. डिस्कवर जाड फडकं टाक आणि पिनच्या आट्यांपाशी गंज सोडवणारं तेल थेंब थेंब सोड. ते रात्रभर मुरू दे. जुने पॅड तेलकट होतील, पण ते बदलायचेच आहेत. सकाळी पुन्हा तेल दे आणि पिनच्या डोक्यावर हातोडीने सरळ, नेमके ठोके मार. त्या धक्क्यांनी गंजाची पकड तडकते आणि तेलाला वाट मिळते. मग ५ मिलिमीटरच्या गोल झालेल्या खाचेत टी-३० चा टॉर्क्स बिट ठोकून बसव. त्याच्या कडा धातूत रुततात. आधी किंचित आवळ, मग सोड. थोडी हलली की लगेच पुरी काढू नकोस; अर्धा फेरा सोड, पाव फेरा आवळ, तेल दे. असंच पुढेमागे करत बाहेर आण.

गॅसची ज्योत कॅलिपरजवळ नेऊ नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. ब्रेक ऑईल पेट घेतं, पिस्टनची रबरी सीलं करपतात, आणि क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तापला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

पिन मोडलीच तर तिथेच थांब. बरेच जण घाईने ड्रिल मारतात, मग ईझी-आऊट घालून पिळतात. ईझी-आऊट कडक आणि ठिसूळ असतो. तो आत मोडला की साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही आणि कॅलिपर बहुतेक भंगारात जातं. अशा वेळी चांगल्या लेथवाल्याकडे जा. तो नेमका मध्य काढून भोक पाडेल, आटे पुन्हा टॅप करेल. त्याची मजुरी द्यायला काकू करू नकोस, आणि आटे उरलेच नाहीत असं तो म्हणाला तर ऐक.

हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या डबीच्या स्क्रूंनाही तोच मान दे. जपानी घडणीच्या गाड्यांवर त्यांची फुलीची खाच वेगळ्या आकाराची असते. साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर तिच्यात पुरता बसत नाही, वर चढतो आणि खाच खातो. हवा काढायच्या निपलला सहा बाजूंचाच बॉक्स पाना लाव. ते आतून पोकळ असतं, तिरपा जोर आला की तुटतं.

सुटे भाग घ्यायला नाना पेठेत जाशील तेव्हा जुनी पिन आणि कॅलिपरचा नंबर बरोबर ने. दिसायला सारखा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट इथे चालत नाही. ब्रेक ऑईलची उघडी बाटली घेऊ नकोस. ते हवेतली ओल ओढतं; डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश हवा, ओल शिरल्यावर मात्र तो १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ते आत उकळलं तर लिव्हर पोकळ होते.

बसवताना खाच आणि आटे स्वच्छ कर. पिन कंपनीच्या पुस्तकातल्या मापानेच आवळ. टॉर्क पाना नसेल तर कुणाकडून माग. डिस्क ब्रेक क्लीनरने पूस. शेवटचं, पण अजिबात विसरायचं नाही असं: नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावे लागतात, त्यामुळे पहिल्या दाबाला लिव्हर थेट मुठीला टेकेल. गाडी उभीच ठेवून ती घट्ट होईपर्यंत दाबत राहा, डबीतलं तेल बघ, मग गल्लीत चालण्याच्या वेगाने चार-पाचदा ब्रेक लाव. नवे पॅड डिस्कवर पुरते बसेपर्यंत पकड कमी असते. तेवढे दिवस महामार्गाचा उतार टाळ, सातारा रस्त्यानेच जा-ये कर.

तुझा,
मामा