भिंतीवरची काजळी

तेरणाकांठच्या माकणी गांवाकडे दसऱ्यापूर्वीं घरोघर झाडलोट व सारवण निघतें. आपल्या मंडळ्यांत हेंच काम नाताळापूर्वीं निघतें. वर्षभर चुलींत गोवऱ्या व तुराट्या जाळल्या म्हणजे आढ्यापासून खालपर्यंत काजळी धरते. ती नुसती धूळ नव्हे. अर्धवट जळलेल्या सरपणाचा चिकट अंश तींत असतो. म्हणून प्रथम पाणी लावूं नये, तें लावल्यानें ती पसरते. तोंडास फडकें बांधून कोरड्या झाडूनें वरून खालीं काढावी. भिंत पक्की असेल तर मग ऊन पाण्यांत धुण्याचा सोडा घालून पुसावी, वाळूं द्यावी आणि नंतर चुना द्यावा. काजळी तशीच ठेवून चुना दिला तर थोड्याच दिवसांत पिवळे डाग वर येतात, हें प्रत्येक गृहिणी जाणते.

पण आमचा प्रश्न चुन्याचा नाहीं. भिंत स्वच्छ करावी आणि धूर तसाच ठेवावा, हें प्रामाणिकपणाचें आहे काय?

लेवीयाच्या चौदाव्या अध्यायांत घराच्या भिंतीस चट्टा पडला तर काय करावें तें सांगितलें आहे: घर रिकामें करवावें, दगड काढावे, भिंती खरवडाव्या, नवा गिलावा द्यावा. तेथील एक गोष्ट आमचे प्रचारक बंधु सहसा वाचून पुढें जातात. घराच्या धन्यानेंच याजकाकडे जाऊन चट्ट्याची वार्ता द्यावयाची असते. आमच्याकडे उलट चालतें. उपदेशक येणार म्हणून धनी भिंत पांढरी करवितो, आणि उपदेशक तिची वाहवा करतो!

जुन्या माळवदास साणें असे. त्यांतून थोडा तरी धूर बाहेर जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें सास्तूर, किल्लारी येथील दगडमातीचीं घरें कोसळलीं व जड माळवदांखालीं हजारों माणसें गेलीं. (तीं इतरांहून अधिक पापी होतीं असें कोणी म्हणूं नये, शिलोहाच्या बुरुजाविषयीं प्रभूनें काय सांगितलें तें आठवावें.) पुढें काँक्रिटचें छत आलें. तें बळकट खरें, पण त्यास साणें नसतें, आणि चूल मात्र पुष्कळ ठिकाणीं आंतच राहिली.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गरीब घरांतील स्त्रियांच्या नांवें गॅसची जोडणी मिळूं लागली. तरी रिकामें सिलिंडर कोपऱ्यांत आणि चूल पेटलेली, असें आम्ही पाहतों. पैसा नाहीं हें पुष्कळदां खरें असतें. सरपण शेतांतून फुकट येतें. अशा घरास दोष देणें आम्हांस साजत नाहीं. पण ज्या घरीं चुन्यास, तंबाखूस व मोबाइलास पैसा निघतो आणि सिलिंडरास निघत नाहीं, तेथें हिशेब कोणी केला? चुलीपुढें बसणारीनें खास नव्हे. जी काजळी भिंतीवर बसते तीच तिच्या छातींतहि बसते, आणि तेथें झाडू पोंचत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील अशा धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें मेलीं.

आम्हीहि निर्दोष नाहीं. सणाच्या भेटीस चार घरीं गेलों म्हणजे आमच्या चहासाठीं चारहि चुली पुन्हां फुंकल्या जातात. यंदा भेटीस जाल तेव्हां, बंधूंनो, भिंतीविषयीं बोलण्यापूर्वीं सिलिंडर शेवटचें केव्हां भरलें तें धन्यास विचारा, आणि उत्तर बाईकडूनहि ऐकून घ्या.