चांगली, पण कशासाठी?

प्रीमियर पद्मिनी चांगली की अ‍ॅम्बॅसडर, हा वाद जुना आहे आणि तो हटकून आकड्यांवर येतो. कुर्ल्याला बनलेली पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००: इंजिन १०८९ सीसी, ताकद ४० अश्वशक्ती, वजन ९०० किलोच्या आसपास. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनलेली अ‍ॅम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली: इंजिन १४८९ सीसी, ताकद सुमारे ५०, वजन ११०० किलोंच्या घरात. मोठं इंजिन म्हणून अ‍ॅम्बॅसडर सरस म्हणावी, तर ओझंही तिचंच जास्त. भागाकार केला की दोघींच्या वाट्याला दर १०० किलोंमागे साधारण साडेचार अश्वशक्ती येते. आकड्यांच्या हिशेबात सामना बरोबरीत सुटतो. तरी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट धरली, कोलकात्याच्यांनी अ‍ॅम्बॅसडर. कारखाना जवळ म्हणून सुटे भाग जवळ, हे त्याचं एक कारण खरंच; पण तेही गाडीच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलेलं नसतं.

वस्तूचा गुण कशावर ठरतो, याचा वैशेषिक या भारतीय दर्शनाने फार बारीक विचार केला आहे. त्याचा भाष्यकार प्रशस्तपाद याच्या चोवीस गुणांच्या यादीत गुरुत्व आहे, परिमाण आहे. हे गुण द्रव्यातच राहतात. वजन गाडीचं, पाहणारा कुणीही असो. दूरपणा आणि जवळपणा हेही त्या यादीत आहेत, पण ते उपजतात अपेक्षाबुद्धीतून, म्हणजे कुठून पाहतो ते ठरल्यावर. श्रेष्ठत्व त्या यादीत नाही. माझ्या मते ते या दुसऱ्या जातीचं आहे: हेतू ठरल्याशिवाय ते उपजतच नाही.

मग काय, ज्याचं त्याचं खरं? मुळीच नाही. गडचिरोलीहून धानोरा, पुढे मुरूमगाव, भर पावसाळा, रपट्यावरून पाणी, गाडीत आजारी माणूस आणि सोबतीला घरची चार माणसं. हेतू एवढा नेमका झाला की उत्तरही नेमकं होतं, आणि चुकीचं उत्तर जिवावर बेततं. तिथे या दोन्ही गाड्या मागे पडतात. चारही चाकांना ताकद देणारी जीप लागते. धानोऱ्याकडे काळी-पिवळी म्हटलं की मुंबईची टॅक्सी डोळ्यांपुढे येत नाही, प्रवासी जीपच येते. कुणी म्हणेल, ब्रेक न लागणारी गाडी तर सरसकट वाईटच ना? हो, कारण ब्रेक प्रत्येक हेतूला लागतो. पण असे गुण थोडे असतात, आणि आपण बाकीचेही त्यांच्याच ओळीत बसवतो.

गाड्यांपुरतं हे असतं तर एवढा आग्रह धरला नसता. पण याच धानोऱ्यात गोंडी बोलणारं पोर शाळेत येतं आणि मराठीतल्या प्रश्नपत्रिकेवर त्याची टक्केवारी ठरते. मोहाची फुलं पहाटे कधी गळतात, तेंदूचं कोणतं पान तोडायचं आणि कोणतं सोडायचं, हे त्याला येतं. ते कुणी विचारत नाही. यावर आक्षेप रास्त आहे: उद्या त्याला गडचिरोलीच्या कचेरीत अर्ज लिहायचा आहे, तेव्हा मराठी आणि गणित हवंच. हवंच. म्हणून गुण द्यावेत, पण अर्ज लिहिण्याचे गुण म्हणून द्यावेत. त्या आकड्यापुढे नुसतं ‘हुशार’ किंवा ‘कच्चा’ लिहिलं जातं, तेव्हा हेतूचा रकाना कोराच राहिलेला असतो.