काय काय पाहिले?

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आप्तेष्ट हमखास एकच प्रश्न विचारतात, "काय काय पाहिले?" २०२५ च्या उन्हाळ्यात लूर्दची यात्रा करून आम्ही वसईस परतलो, तेव्हा आमच्याही ओटीवर हाच प्रश्न आला. लूर्दविषयी आम्ही भरभरून बोललो. परतीच्या वाटेवर पॅरिसमध्ये काढलेल्या एका दिवसाविषयी सांगताना मात्र आमची जीभ अडखळली.

दिवस एकच होता आणि यादी लांब होती. सकाळी नोत्र दाम कॅथेड्रल, दुपारी लूव्र संग्रहालय, सायंकाळी आयफेल मनोरा. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर आणि कळस गमावलेले हे कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये भाविकांसाठी पुन्हा उघडले आहे. स्वच्छ उजळलेल्या त्या खांबांच्या सावलीत चौऱ्याहत्तर वर्षांची आमची आई टेकली व तिने जपमाळ हाती घेतली. "एवढी एक माळ होऊ दे," ती म्हणाली. "माळ घरीही होईल, आई, लूव्रची वेळ ठरलेली आहे," असे म्हणून आम्ही तिला उठवले. आमची छायाचित्रे तोवर काढून झाली होती.

लूव्रमध्ये जो तो मोनालिसाच्या दालनाकडे लोटत होता. जेमतेम ७७ सेंटिमीटर उंचीचे ते चित्र, आणि त्यापुढे मोबाइल उंचावलेले शेकडो हात. त्यांत आमचेही हात होते. १९११ साली हे चित्र चोरीस गेले, तेव्हा रिकामी भिंत पाहण्यासाठीसुद्धा लोक आले होते. ही हकिकत वाचून आम्ही एकेकाळी हसलो होतो. आता वाटते, आम्हीही त्याच रांगेतले. चित्र पाहण्यापेक्षा 'पाहून आलो' असे सांगता येणे आम्हांला अधिक मोलाचे वाटत होते.

मागे वळलो, तो आई जवळ नव्हती. घाबरून शोधू लागलो. ती समोरच्या भिंतीपाशी एकटी उभी होती. त्या भिंतीवर पाओलो व्हेरोनेजे या चित्रकाराचे 'काना गावचे लग्न' आहे. जवळजवळ दहा मीटर रुंदीचे हे चित्र त्याने १५६२-६३ मध्ये व्हेनिसच्या एका बेनेडिक्टाइन मठातील भोजनगृहासाठी रंगवले. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते तेथून उचलून फ्रान्सला नेले. दालनातील बहुतेक माणसे मात्र त्या चित्राकडे पाठ करून उभी होती.

चित्रातही तोच प्रकार आहे. मध्यभागी प्रभू येशू बसला आहे, शेजारी मरियामाता आहे; पण बहुतेक पाहुणे आपापल्या गप्पांत दंग आहेत. उजव्या कोपऱ्यात पिवळ्या वस्त्रांतला एक वाढपी जड रांजण कलता करून द्राक्षारस ओतत आहे. आईने त्याच्याकडेच बोट दाखवले. "जेवणाऱ्यांना काहीच कळले नाही बघ," ती म्हणाली, "ज्यांनी पाणी भरले, त्यांनाच ठाऊक होते." योहानकृत शुभवर्तमानातील हे वाक्य आम्ही लग्नाच्या मिस्सांत कितीदा ऐकले असेल! पण आयुष्यभर आमच्या आळीतल्या लग्नघरांत पाणी भरलेल्या आणि पंगती वाढलेल्या बाईला ते जसे कळले, तसे आम्हांला कळले नव्हते.

बाहेर पडताना तिचा पाय ओढत असल्याचे आमच्या ध्यानात आले. विचारले तेव्हा समजले की, गुडघा लूर्दपासूनच दुखत होता. ज्या लूर्दमध्ये आम्ही अनोळखी रुग्णांच्या चाकांच्या खुर्च्या मोठ्या भक्तिभावाने ढकलल्या, तेथेच आमच्या घरचे दुखणे आमच्या मागून मुकाट्याने चालत होते.

कोणी म्हणेल, प्रवासात वेळ अपुरा असतो. सर्व काही पाहणे कोणालाच शक्य नाही. हे आम्हांला मान्य आहे. निवड करणे हा अपराध नव्हे. प्रश्न निवडीच्या कसोटीचा आहे. ज्याकडे सारे पाहतात, त्याकडेच आपणही पाहू लागलो, तर जे कोणीच पाहत नाही त्याची जबाबदारी कोणाची? डोळ्यांवर पडणे आणि पाहणे यांत अंतर आहे. ते ओलांडायला पैसा लागत नाही. थांबावे लागते, आणि थांबणे म्हणजे आपल्या यादीतले काहीतरी दुसऱ्यासाठी सोडून देणे.

त्या सायंकाळी आम्ही आयफेल मनोऱ्यावर चढलो नाही. सेन नदीच्या काठी एका बाकावर आईजवळ बसलो, आणि सकाळी अर्धवट राहिलेली माळ पुरी केली. मनोरा दुरून दिसत होता.

घरी आल्यावर दिवसभराची छायाचित्रे चाळली. दोनशेंहून अधिक होती. त्यांपैकी तिघांत आई दिसते, आणि तिन्हींत तिच्या हातात आमच्या पिशव्या आहेत. वाचकहो, आपणही कधी आपल्या छायाचित्रांत असे शोधून पाहाल काय?