प्रवाळावरचे पाऊल

दिवाळीच्या सुटीत पुण्याची कितीतरी कुटुंबे मालवणला जातात. डोळ्यांवर काच, तोंडात श्वासनळी धरून सिंधुदुर्गाजवळच्या उथळ पाण्यात मासे न्याहाळतात. दमले की एखाद्या खडकावर सहज पाय टेकतात. परंतु तो पुष्कळदा खडक नसतो. इवल्या जिवांनी रचलेले, वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढणारे प्रवाळ असते. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. पण पाण्याखाली प्रत्येक पावलावर पहारा कोण ठेवणार?

हेतू वाईट नव्हता, असे आपण म्हणू. खरे आहे; पण अज्ञान क्षम्य असते ते कळेपर्यंतच. दारातली रांगोळी आपण कोणी न सांगताही ओलांडून जातो. ती पुसली तर उद्या पुन्हा काढता येते. समुद्रातली रांगोळी काढणारा हात आपल्या घरात नाही.