दे इकडे, मीच करतो!



नोव्हेंबर महिना उजाडला की निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांची धावपळ सुरू होते. आपण हयात आहोत, हे त्यांना दरवर्षी सिद्ध करावे लागते. २०१४ च्या नोव्हेंबरपासून ‘जीवन प्रमाण’ योजनेखाली बोटाचा ठसा देऊन हा दाखला मिळू लागला. पण आयुष्यभर शेतीवाडीत राबलेल्या, धुणीभांडी केलेल्या हातांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्राला त्या ओळखता येत नाहीत. २०२१ पासून मोबाइलला चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देण्याची सोय झाली. सोय चांगली आहे. पण ज्यांच्यासाठी ती केली, त्यांना ती वापरता येते का?

बहुतेक घरांत काय घडते, ते आपण जाणतो. आजी मोबाइल घेऊन नातवाजवळ येते. “बाळा, हे कसं करायचं ते जरा दाखव ना.” नातू मान वरही न करता म्हणतो, “दे इकडे, मीच करतो.” दोन मिनिटांत काम होते. आजी त्याला आशीर्वाद देते. नातवाने मदत केली, यात शंका नाही. परंतु आजीने मागितले होते एक आणि तिला मिळाले दुसरेच. तिने “दाखव” म्हटले होते, “करून दे” म्हटले नव्हते.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. पूर्वी आजीचे पासबुक तिच्या कपाटात असायचे. पैसे काढायला तिला कुणाची सोबत लागली, तरी किती काढायचे आणि कशावर खर्च करायचे, हे तीच ठरवायची. आज तिचा पिन क्रमांक मुलाला ठाऊक असतो, तिला स्वतःला नसतो. मुलगा अगदी प्रामाणिक असला, तरी नातीला वाढदिवसाची भेट द्यायला किंवा गुपचूप दानधर्म करायला तिला आता परवानगी मागावी लागते. आपण तिचे काम हलके केले आणि नकळत तिचा अधिकारही काढून घेतला.

अपंग बंधुभगिनींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. अंध व्यक्तीला मोबाइल काय कामाचा, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक, अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. ती सुरू केली की पडद्यावरचा मजकूर मोबाइल वाचून दाखवतो. बोट उजवीकडे सरकवले की पडद्यावरची पुढची गोष्ट ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. हातातली नोट किती रुपयांची आहे, हे सांगणारे ‘मनी’ नावाचे ॲप रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये आणले. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. साधने आहेत, कायदाही आहे. उणीव आहे ती शेजारी बसून शिकवणाऱ्या माणसाची.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर उचलून आणतात आणि छप्पर उघडून प्रभूसमोर उतरवतात. त्या चौघांचे आपण नेहमी कौतुक करतो. पण घटनेचा शेवट काय आहे? प्रभू त्या माणसाला स्वतःची बाज उचलून घरी जायला सांगतो. ज्या बाजेवर त्याला लोकांनी वाहून आणले, तीच तो स्वतः वाहून नेतो. प्रभूने त्याला चौघांच्या खांद्यावर परत पाठवले नाही. आणि आंधळ्या बार्तिमयाला काय हवे आहे, हे उघड दिसत असूनही प्रभूने त्याला आधी विचारले. आपण विचारतो का?

कुणी म्हणेल, “त्यांना शिकवून उपयोग नाही. आज सांगितलेले उद्या विसरतात.” काही जणांच्या बाबतीत ते खरे आहे. हात थरथरतात, स्मृती साथ देत नाही. अशांना खांद्यावर वाहणे हेच ख्रिस्ती कर्तव्य होय. परंतु खरोखर शिकू न शकणारे किती आणि आपल्याला धीर नाही म्हणून न शिकलेले किती, हे प्रामाणिकपणे तपासू या.

कारण वृद्धांसाठी आपल्याकडे वेळ नसला, तरी चोरांकडे तो भरपूर असतो. ते “आई”, “बाबा” म्हणत तासभर गोड बोलतात, नाहीतर पोलीस असल्याचे सांगून घाबरवतात. व्हिडिओ कॉलवरून कुणालाही अटक होत नाही, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो आणि फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० वर फोन करायचा असतो, हे आपण आपल्या आईवडिलांना शांतपणे कधी सांगितले आहे काय?

हे काम एकट्या घराचे नाही. स्वतःच्या मुलाला तीच गोष्ट चौथ्यांदा विचारायला आईवडिलांना संकोच वाटतो. शेजारच्या मुलीला विचारताना तो तितका वाटत नाही. म्हणून प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहातील दोन-तीन युवक-युवतींनी रविवारच्या मिस्सेनंतर एक तास द्यावा. ज्यांना चर्चला येता येत नाही, त्यांच्या घरी जावे. नियम तीनच असावेत: मोबाइल शिकणाऱ्याच्याच हातात राहील, एका दिवशी एकच गोष्ट शिकवायची, पिन विचारायचा नाही आणि टाइप करताना तोंड फिरवायचे.

आपल्यातील कुणाच्या मृत्यूची बातमीसुद्धा आता आधी व्हॉट्सॲपवर येते. ज्या वृद्धाला तो ग्रुप उघडता येत नाही, त्याला आपल्या जुन्या मित्राच्या अंत्यविधीला मुकावे लागते. त्याला आपणच मंडळीच्या बाहेर ठेवलेले असते, तेही नकळत.

या आठवड्यात घरातील कुणी मोबाइल पुढे करून काही विचारले, तर हात पुढे करण्याऐवजी खुर्ची पुढे ओढू या. शेजारी बसू या. दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटे लागतील. ती वीस मिनिटे हेच आपले अर्पण असेल.