हन्नेने वाट पाहिली

जून जवळ आला की काही आईबाप बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मुलाचे वय वाढवून मागतात. आम्ही नकार देतो. विद्येचा आरंभ असत्याने कसा करावा? हन्नेने शमुवेलास देवाला वाहिले होते. तरी त्याचे दूध तुटेपर्यंत तिने त्यास शिलोस नेले नाही. 2009 सालच्या कायद्यानेही शाळेचा हक्क सहाव्या वर्षापासून दिला आहे. तोवर अंगणवाडी आहे. मूल आपल्या हाताने जेवते काय, आईवाचून घटकाभर रमते काय, हे पाहा. परंतु सहा वर्षे पुरी झाल्यावर शेरडे राखण्यास त्यास घरी ठेवणे, हाही अपराधच. वेळ येताच हन्नेने बाळास स्वतः नेऊन पोहोचविले. थांबणे आणि सोडणे, दोन्ही प्रीतीचीच कामे होत.