काढलेली पत्री

दिवाळी सरली की आमच्या वारणाकाठच्या रस्त्यावर कारखान्याला जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग लागते. डांबरावर खूर झिजू नयेत म्हणून बैलांना पत्र्या मारलेल्या असतात. ओढीला एखादी पत्री खिळ्यासकट निसटते नि रस्त्यातच पडून राहते.

एकदा तालुक्याहून येताना अंधारात मोटारसायकलचं मागचं चाक डगमगलं. बॅटरी मारून बघितलं, तर पत्री टायरात रुतलेली. गाडीवानाला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, पत्री उपसली आणि रागानं भिरकावली. गाडी ढकलत अण्णांच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत गेलो.

अण्णांनी ट्यूब घासून पॅच लावला. टायरला बोटभर चीर पडलेली, आतले धागे तुटलेले. ट्यूब फुगून चिरेतून बाहेर येऊ नये म्हणून त्यांनी जुन्या टायरचा तुकडा आतून बसवला. त्याला ते गेटर म्हणतात.

"हे घरापर्यंतच हां, गुरुजी. चीर भरत नसते, नुसती झाकते. उद्या टायर बदला." मग हात पुसत म्हणाले, "पत्री कुठाय?"

"फेकली."

"कुठं?"

"तिथंच."

"म्हंजे रस्त्यावरच की."

पंक्चरवालेच रस्त्यावर खिळे टाकतात, असं गावात बोलतात. मीही हसत हसत बोललो होतो. अण्णांच्या बाकड्याखाली मात्र एक डबा होता, टायरांतून निघालेल्या खिळ्यांनी आणि तारांनी भरलेला.

घरी आलो, पण झोप लागेना. गाडीवानाला दोष द्यावा, तर पत्री पडल्याचं त्याला कळलंही नसेल. माझ्याआधी तिथून गेलेल्यांना ती दिसलीही नसेल. ती तिथं आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूस एकच, मी. त्याच्याकडून नकळत झालं, त्याला मी शिव्या दिल्या. मग मी जाणून केलं, त्याला काय म्हणायचं? आपलं नुकसान झालं की माणसाला वाटतं, आता आपल्याकडं कुणाचं काही देणं उरलं नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

सकाळी शाळेआधी तिथं गेलो. ऊसतोड्यांची पोरं वाड्याच्या मोळ्या डोक्यावर घेऊन अनवाणी चालली होती. मी गवत चाचपलं, चारी पालथी घातली. पत्री सापडली नाही.

टायर त्याच दिवशी बदलला. त्या वळणावर मात्र अजून गाडी हळू होते आणि नजर खाली जाते.